दोन काळ्या रेघा

उरला, रायपूर
२८ डिसेंबर २०२४

प्रिय यशदीप, जय भीम.

ड्रमचं झाकण पुसून झालं होतं. फडकं पिळलं तर काळं पाणी निघालं. मग दाराची कडी पुसली, सायकलची सीट पुसली, दोरीवरचे कपडे झटकून घेतले. रात्रभर जे बाहेर राहील त्यावर लोखंडाच्या मिलची धूळ बसते, आणि ती काढणं हे आपल्या पाऱ्यातल्या प्रत्येक घरच्या बाईचं सकाळचं पहिलं काम. चहा घेऊन आत आले तर तुझे मोठे बाबा कॉम्प्युटरसमोर बसलेले. पडद्यावर दोन रेघा होत्या, लाल रात्रीची, निळी दिवसाची. लाल रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "तू रोज फडक्यानं पुसते ना, ते हे पाह्य." मी पाहिलं, चहा दिला आणि भात टाकायला गेले. त्या सकाळी दुसरं काहीच झालं नाही. तीच सकाळ मला सारखी आठवते.

त्यांना जाऊन वर्ष होत आलं. विहाराच्या गच्चीवर त्यांनी बसवलेलं धूळ मोजायचं मीटर अजून चालू आहे. शेजारची मोनाली कॉलेजला जाण्याआधी आणि आल्यावर गच्चीवर चढते, आकडा बघते, माझ्या फोनवर पाठवते. सकाळचा आकडा रात्रभराच्या धुळीचा, संध्याकाळचा दिवसभराच्या. आकडे येत राहिले, पण ग्राफ काढणारा माणूस गेला. विहाराच्या बोर्डावर त्यांचाच शेवटचा ग्राफ आहे, पिवळा पडलेला. परवा निरंजन भाऊ, आपल्या विहार समितीचे सचिव, म्हणाले की बाई, तो काढून टाकायला हात होत नाही, तुम्ही नवा द्याल तर त्यावर चिकटवू.

त्यांचा कॉम्प्युटर पावसाळ्यात जळला हे तुला माहीत आहे. तू पाठवलेला लॅपटॉप चांगला चालतो. ती ग्राफ काढणारी लायब्ररी, तो तयार प्रोग्रामचा गठ्ठा, तू सांगितल्याप्रमाणे नेटवरून उतरवून घेतली. ती कंपाइल करायच्या, म्हणजे या लॅपटॉपवर चालेल अशी बांधून घ्यायच्या आधी एक लांब यादी येते, प्रत्येक नावापुढे ऑन किंवा ऑफ. तिथे मी अडले. त्यातलं काय ठेवायचं? फोनवर तू भराभर सांगतोस, मी हव हव म्हणते, आणि फोन ठेवला की काही उरत नाही. लिहिलेलं मात्र मला समजतं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण पुढचं सगळं वाचूनच शिकले. म्हणून तू मेलवर लिहूनच पाठव.

तुझी मोठी आई


बंगळुरू
३० डिसेंबर

मोठी आई, जय भीम.

माझ्या मराठीला हसू नकोस. इथे बोलायला कुणी नाही.

ती यादी आउटपुटची आहे. लायब्ररी फक्त हिशेब करते, ठिपका इथे, रेघ तिथपर्यंत. ती रेघ प्रत्यक्ष उमटवणाऱ्याला बॅकएंड म्हणतात. एक बॅकएंड पडद्यावर खिडकी उघडून दाखवतो, एक चित्राची फाइल करतो, एक प्रिंटरसाठी फाइल करतो. कंपाइल करताना ज्यांना ऑन ठेवशील तेवढेच लायब्ररीत बसतील. बाकीचे नंतर हवे झाले तर पुन्हा पहिल्यापासून कंपाइल करावं लागतं.

मोठ्या बाबांनी बहुतेक सगळेच ऑन ठेवले असतील. पण पडद्यावर दाखवणारा आणि कैरो नावाचा, या दोघांना ढीगभर दुसरी पॅकेजं लागतात. एक चुकलं की सगळं अडतं, आणि या आठवड्यात मला ऑफिसातून मान वर काढता येत नाही. तुला शेवटी बोर्डावर कागदच लावायचा आहे. तेव्हा सगळे ऑफ कर, फक्त पीएस नावाचा, तो प्रिंटरचा, ऑन ठेव. तो कुणावर अवलंबून नाही. कैरो नसला की मराठी अक्षरं उमटणार नाहीत, पण रेघांची नावं तू पेनानं लिही. तुझं अक्षर मशीनपेक्षा चांगलं आहे.

यशदीप


उरला
२ जानेवारी २०२५

प्रिय यशदीप, जय भीम.

झालं. पडद्यावरून ओळी धावत होत्या, त्या थांबेपर्यंत मी उठले नाही. गॅसवरची डाळ लागली.

तू लिहिलेलं मी माझ्या पद्धतीने समजून घेतलं. घर बांधताना टाकी एकच असते, पण मोरीत तोटी हवी की अंगणात हे आधी ठरवावं लागतं. भिंत लिंपून झाल्यावर आठवलं तर भिंत फोडायची. मी एकच तोटी ठेवली, तू म्हणालास ती. पडद्याच्या नावापुढे ऑफ करताना हात जरा थांबला. तुझे मोठे बाबा छापायच्या आधी ग्राफ पडद्यावर बघत बसायचे, चहा गार होईपर्यंत. पण तू म्हणालास ते खरं, मला कागदच हवा आहे.

डिसेंबरचा ग्राफ छापून झाला. दोन्ही रेघा छान आल्या आहेत, ठळक. वरच्या रेघेवर रात्र लिहिलं, खालच्या रेघेवर दिवस. अक्षर त्यांच्यासारखं काढायचा प्रयत्न केला. रविवारी वंदनेच्या आधी निरंजन भाऊ लावतील. खाली त्यांनी आपल्या हाताने तुझ्या मोठ्या बाबांचं नाव घालून लिहिलं आहे, देवीदास बाबूंच्या मीटरवरून. मला रडू आलं नाही. बरं वाटलं.

मोठी आई


बंगळुरू
१४ जानेवारी

मोठी आई,

पत्र नाही, फोन उचललास तर दोन शब्दांत ठेवून दिलास. तब्येत ठीक आहे ना? बोर्डावरच्या ग्राफचा फोटो पाठव. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं आहे की माझ्या मोठ्या आईने लायब्ररी स्वतः कंपाइल केली. कुणाचा विश्वास बसत नाही, त्यांना फोटो दाखवायचा आहे.

यशदीप


उरला
१६ जानेवारी

प्रिय यशदीप, जय भीम.

तब्येत ठीक आहे. फोटो काढायला जमलं नाही. ग्राफ आता बोर्डावर नाही.

निरंजन भाऊ काही लोकांना घेऊन तो ग्राफ मिलच्या गेटवर दाखवायला गेले होते. रात्री बघा किती धूळ सोडता, असं विचारायला. मिलवाल्यांनी भांडण केलं नाही. आत नेलं, धुराड्याला बसवलेली धूळ अडवणारी नवी मशीन दाखवली. डिसेंबरभर ती रात्रीही चालू होती, रात्रीची धूळ निम्म्यावर आली आहे, असं नोंदवही दाखवून म्हणाले. आणि हसून विचारलं की तुमचा ग्राफ कोण काढतं. ही मंडळी तोंड पाडून परत आली.

मागच्या रविवारी विहारात त्यावर बोलणं झालं. सगळ्यांचं म्हणणं असं पडलं की आकडेच खोटे होते. मोनाली गच्चीवर न चढता घरी बसून आकडे पाठवत होती. आकडे माझ्या फोनमध्ये आहेत असं ती म्हणाली, पण फोन घरी राहिला होता. मीटरचं काम तिच्याकडून काढून घेतलं. रविवारी ती लहान पोरांना गणित शिकवायची, तेही आता दुसऱ्या कुणाला देणार आहेत.

मला एक विचारायचं आहे. पीएसमध्ये दोन्ही रेघा काळ्याच येतात का? आणि पडद्यावर ग्राफ दिसेल अशी सोय आता करायची तर काय करावं लागेल?

मोठी आई


बंगळुरू
१७ जानेवारी

मोठी आई,

वाईट वाटलं, पण आश्चर्य नाही वाटलं. हाताने घेतलेल्या आकड्यांचं हेच होतं. थंडीत पहाटे गच्चीवर कोण चढतं? तू मनाला लावून घेऊ नकोस. पोरगी लहान आहे, केला असेल आळस. मी आपोआप आकडे पाठवणारं मीटर बघून ठेवतो, मग कुणावर अवलंबून राहायला नको.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो, तो पीएस साधा आहे, त्याला रंग कळत नाही. दोन्ही रेघा काळ्या आणि सारख्याच येतात. पण त्याने काही बिघडत नाही. मोठे बाबा मला शिकवायचे ते आठवतं, रेघेचा पहिला ठिपका आधी आकड्याशी लावून बघायचा, मगच तिला नाव द्यायचं. तू तसंच केलं असणार. पडद्याचं नंतर बघू, घाई काय आहे?

यशदीप


उरला
२१ जानेवारी

यशदीप,

मी तसं केलं नव्हतं.

तुझं पत्र वाचून चार दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि उठते. आता सरळ लिहिते, मध्येच थांबले तर पुन्हा होणार नाही.

कागद प्रिंटरमधून निघाला तेव्हा दोन काळ्या रेघा होत्या, एक वर, एक खाली. कुठली कुणाची हे कागदावर कुठेच नव्हतं. पहिला ठिपका आकड्याशी लावायचा हे मलाही माहीत होतं, मी त्यांच्या शेजारी किती वर्षं बसले. फोन हाताशी होता. मी तो उघडलाही नाही. पेन घेतलं आणि वरच्या रेघेवर रात्र लिहिलं. रात्रच वर असणार, यात मला बघण्यासारखं काही वाटलं नाही. ते असताना दर महिन्याला रात्रच वर असायची.

पण एवढंच सांगितलं तर तेही अर्धंच. मला रात्र वरच हवी होती. तुझे मोठे बाबा रात्री खोकायचे. उठून बसायचे, मी पाठ चोळायची, आणि बाहेर मिल चालू असायची. ती रेघ खाली आली आहे हे मला बघायचं नव्हतं.

आता विहारातलं. मागच्या पत्रात जे लिहिलं त्यात एक खोटं आहे. निरंजन भाऊ आधी म्हणाले, "बाई चूक करणार नाही, बाबूंच्या हाताखाली शिकलेली आहे. मग आकडेच खोटे." मोनाली उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, मी रोज चढून राहिली होती. सकाळचे आकडे कमीच होते, मलेच नवल वाटलं होतं. काकूंच्या फोनमध्ये आहेत, पाहून घ्या." सगळे माझ्याकडे वळले. फोन माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता. तिने कमी म्हटल्याबरोबर मला कळलं होतं की मी काय केलं आहे. मी म्हणाले, "फोन घरी राहिला."

कुणी म्हणालं नाही की जा, घेऊन या. माझं घर तिथून दिसतं, पण माझ्या शब्दावर कुणाला शंकाच नव्हती. निरंजन भाऊ तिला म्हणाले, "मग ग्राफ काहून खोटा निघाला?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली.

घरी येऊन आकडे लावून बघितले. वरची रेघ दिवसाची होती. पाइप टाकायला रस्ता खोदून ठेवला आहे, त्यावरून दिवसभर ट्रक जातात, त्याची धूळ. मोनालीचा एकही आकडा चुकलेला नाही.

मी नळावर जाते तेव्हा तिची आई हंडा उचलून मला पुढे जागा देते, अजूनही. तू आळस म्हणून लिहिलंस. तुला तसं वाटावं असंच मी लिहिलं होतं.

मोठी आई


बंगळुरू
२२ जानेवारी

मोठी आई,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभा राहून वाचलं. मग वर गेलो नाही.

मी त्या मुलीला ओळखतही नाही आणि तिला आळशी म्हणून मोकळा झालो. दुसरं, सगळे ऑफ कर असं मी लिहिलं, ते तुला सोपं जावं म्हणून नव्हतं, मला सोपं जावं म्हणून होतं. कैरो ठेवला असता तर रेघेचं नाव मशीननेच रेघेशेजारी मराठीत उमटवलं असतं. पडद्याचा ठेवला असता तर तुला लाल कुठे आहे ते दिसलं असतं. आणि पेनानं लिही असंही मीच म्हणालो होतो. हे सगळं मी तुला अर्ध्या तासात करून देऊ शकलो असतो. मोठ्या बाबांनी मला त्यांच्या मांडीवर बसवून कीबोर्ड शिकवला होता.

माझं ऐक. मी निरंजन भाऊंना फोन करतो. सांगतो की सॉफ्टवेअर मी बसवून दिलं, त्यात गडबड होती, रेघांची अदलाबदल झाली. हे अगदी खोटंही नाही. मोनालीचं नाव स्वच्छ होईल, तुलाही कुणी काही म्हणणार नाही, आणि बोर्डावर मोठ्या बाबांचं नाव आहे ते राहील. तू फक्त हो म्हण.

पुन्हा कंपाइल कसं करायचं ते खाली एकेक ओळ करून लिहिलं आहे. या वेळी पडद्याचा ऑन, कैरो ऑन. प्रत्येक ओळ मी आधी इथे चालवून बघितली. रात्रीची रेघ तुटक येईल, दिवसाची सलग, म्हणजे काळ्या शाईतही ओळखू येतील. कुठे अडलीस तर कधीही फोन कर, मीटिंगमध्ये असलो तरी.

यशदीप


उरला
२९ जानेवारी

प्रिय यशदीप, जय भीम.

तू निरंजन भाऊंना फोन केला नाहीस, ते बरं केलंस. मशीनने रेघा बरोबरच काढल्या होत्या. ती मुकी होती, नावं मी दिली. दोष तिच्यावर घालायचा तर मग मीटरवरही घालता येतो, आणि मोनालीवर तर घातलाच होता. तू पडद्याचं बंद करायला सांगितलंस हे खरं, पण फोनची पिशवी बंद ठेवायला तू सांगितलं नव्हतंस.

कंपाइल दुसऱ्या खेपेला झालं. पहिल्या खेपेला अक्षरांचं एक पॅकेज राहिलं होतं, तू लिहिलेलं पुन्हा वाचलं तेव्हा सापडलं. मग पडद्यावर ती खिडकी उघडली. चहा घेऊन बसले. लाल रेघ खाली होती. तुझे मोठे बाबा असते तर खूश झाले असते, रात्रीची धूळ कमी झाली म्हणून. ज्यांच्यामुळे त्यांची छाती गेली त्यांनीच कमी केली, तरी खूश झाले असते. मला तसं होता आलं नाही. पण लाल खाली आहे हे मी बघितलं.

रविवारी सव्वीस जानेवारी होती. विहारात झेंडा झाला, सगळ्यांनी उभं राहून संविधानाची उद्देशिका म्हटली, आणि लोक बसायला लागले तेव्हा मी उभीच राहिले. रेघांची नावं मी न बघता लिहिली, हे सांगितलं. आकडे सगळे खरे होते, हे सांगितलं. आणि त्या दिवशी फोन माझ्या पिशवीत होता, हेही सांगितलं. ते मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा एकदा सांगावं लागलं.

कुणी रागावलं नाही. निरंजन भाऊ म्हणाले, "होते बाई, या वयात होते." एका म्हातारीने पाणी आणून दिलं. मोनाली त्याच जागेवर उभी होती तेव्हा "होते पोरी" असं तिला कुणी म्हणालं नव्हतं. मी निरंजन भाऊंना तसं बोलून दाखवलं. मग त्यांनी नवा ग्राफ लावला आणि म्हणाले की आता रस्त्यावर पाणी मारा असं अर्ज करून सांगता येईल. ग्राफखाली त्यांनी पुन्हा तुझ्या मोठ्या बाबांचं नाव लिहायला घेतलं. मी म्हटलं, यावर मोनालीचं लिहा, आकडे तिचे आहेत.

ती मात्र तिथे नव्हती. त्या दिवसानंतर ती विहारात आलेलीच नाही.

सोमवारी तिच्या घरी गेले. ती दारात बसून तांदूळ निवडत होती. आईने बसायला सांगितलं, तिने नाही. मी जे विहारात सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. तिला ते आधीच कुणी सांगितलं असणार, तरी तिने मला मध्ये थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "आप सामने ही तो बैठी थीं."

आजवर ती माझ्याशी मराठीतच बोलायची, माझ्याकडेच शिकलेली मराठी.

गच्चीच्या दाराची चावी मी तिच्यापुढे ठेवली. तिने ती घेतली नाही. मग मी म्हटलं, आकडा मी घेत जाईन, रेघा तू काढ. लॅपटॉप तुझ्याकडे राहू दे, कसं करायचं ते यशदीपने लिहून दिलं आहे, आणि रेघेला नाव द्यायच्या आधी तू आकडा लावून बघशील हे मला माहीत आहे. तिने सूप उचललं आणि आत गेली. तिच्या आईने मला फाटकापर्यंत सोडलं. लॅपटॉप मी त्यांच्या पलंगावर ठेवून आले. परत आलेला नाही अजून.

काल सकाळी मी विहाराच्या गच्चीवर चढले, मीटरची काच पदराने पुसून आकडा वाचला, आणि मोनालीच्या फोनवर पाठवला.

तुझी मोठी आई